काठावरून सांडणारं पाणी

३ फेब्रुवारी

वन्सं, तुम्हाला नमस्कार.

फोन केला तर पंपघराच्या घरघरीत तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि मला घरात मोठ्यानं बोलता येत नाही. म्हणून हा कागद. त्यातून लिहायचंय तुमच्या भावाबद्दल, आणि ते शेजारच्याच खोलीत बसलेत.

यांचा कान आता दुखत नाही. डावा गेला तो गेलाच. पाण्याखाली जाणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी परत एकदा बजावलं. बंदरातल्या साहेबांनी यांना गोदामात टेबल देऊ केलंय. इतकी वर्षं जहाजांची पोटं घासली, धक्क्याचे खांब पाण्याखाली जाऊन तपासले, आणि आता दोरखंडांची आवक-जावक लिहायची. हे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्याऐवजी एक टाकी घेऊन आले.

टाकी म्हणजे माशांची, काचेची. पण वन्सं, केवढी! आत माणूस आडवा झोपेल. कुठलंसं हॉटेल बंद पडलं, तिथून आणली. चार हमालांनी आत घेताना दाराची चौकट खरवडली. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन असायचं, तिथं आता ती बसलीय. मशीन मी आधीच हलवलं होतं. यांना शांतता हवी, हे काय कुणी सांगायला हवं? कोपऱ्यावरच्या गादीवाल्याच्या मागच्या खोलीत बसून मी पडदे शिवते. घरात रेडिओ लावत नाही, भांडी टॉवेलवर पालथी घालते. दारांच्या बिजागऱ्यांना तेलसुद्धा दिलं.

आता भांडण कशावरून, ते सांगते. हे म्हणाले, “आपण संप बसवायचा.” मी म्हटलं, “अहो, नोकरीवर अजून रुजू नाही झालात, तोवर संप?” तर तो संप नव्हे. मासेवाल्या दुकानदारानं मला समजावलं. टाकीला वरच्या बाजूला भोक पाडायचं, काठावरून पाणी सांडू द्यायचं, ते नळीतून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत पडणार, तिथं गाळलं जाणार, आणि पंप ते परत वर चढवणार. त्या खालच्या टाकीला म्हणतात सम्प. म्हणजे दिवसरात्र घरात पाणी पडल्याचा आवाज! शिवाय एक दिवस सगळं फरशीवर येणार ते वेगळंच.

दुसरा प्रकार कॅनिस्टरचा. झाकणबंद डबा. एका नळीनं पाणी आत घेतो, स्पंजातून गाळतो, दुसरीनं परत सोडतो. दुकानात मी त्याला कान लावून बघितला. चालू आहे की बंद, कळत नाही. एवढ्या मोठ्या टाकीला असे दोन लागतील.

मला कॅनिस्टर हवेत. तुम्ही यांना समजवा. तुमचं ऐकतात ते.

तुमची,
बयो

११ फेब्रुवारी

बयो,

तुझं पत्र पंपघरात, प्रेशरच्या काट्याखाली उभं राहून वाचलं. ‘आवक-जावक’पाशी हसले आणि मग माझंच मला वाईट वाटलं. आमच्या बेडक्याला कोरड्या जागी बसवायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. लहानपणी हा पिंपात डोकं घालून बसायचा आणि आई बोटांवर आकडे मोजत ओरडायची. तेव्हापासून तो बेडक्याच.

आता पाण्याचं बोलू. माझ्या तलावाला अख्खं गाव पोहायला येतं आणि ते पाणी मी रोज स्वच्छ करते, तेवढ्या अधिकारानं सांगते, सम्पच बसवा. आमच्या तलावातही पाणी काठावरून सांडतं, पन्हाळीतून खालच्या हौदात जातं, तिथून माझ्याकडे येतं. पाण्यावरचा तवंग, धूळ, केस, सगळं त्या सांडण्याबरोबर निघून जातं. कॅनिस्टर पाणी ओढतो आतून. वरचं वरच राहतं. दुसरं म्हणजे पाणी आटतं. कॅनिस्टर असेल तर वरच्या टाकीची पातळी हळूहळू उतरताना दिसते. सम्प असेल तर उतरते ती खालच्या टाकीतली. वरची कायम काठोकाठ. आणि पूर येईल म्हणतेस, तर खालची टाकी कधीच पूर्ण भरायची नाही. वीज गेली की वरचं थोडं पाणी खाली येतं, त्याला जागा ठेवायची. बस, एवढंच.

कॅनिस्टर वाईट नाही. छोट्या टाकीला मीही तोच म्हणाले असते. पण तुमच्याकडे नको.

आणि ते मशीन परत घरी आण. कुणी सांगितलं होतं हलवायला?

तुझी नणंद

२४ फेब्रुवारी

वन्सं,

कॅनिस्टर घेतले. दोन्ही कपाटात बसवले आणि दार लावून टाकलं. पत्रातलं पाण्याचं सगळं मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “तुला बरं वाटेल तसं कर.” मग मला बरं वाटलं तसं मी केलं.

मशीनबद्दलचं वाक्य मात्र वाचून दाखवलं नाही. कुणी सांगितलं होतं, असं तुम्ही विचारलंत. कुणीच नाही. बायकोला सगळंच सांगावं लागतं असं नाही.

असो. टाकी सुंदर दिसते, हे खरं आहे. तळाशी यांनी बारीक काळी वाळू पसरली, एक वाकडं लाकूड ठेवलं, आणि नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेले पाच मासे आणले. लोच म्हणतात त्यांना. परवा सकाळी बघते तर त्यातला एक वाळूवर आडवा. एका कुशीवर, डोळा उघडा. मी ओरडले नाही, पण चप्पलही न घालता दुकानदाराकडे गेले. त्याला घेऊन आले तर मासा तरंगत तरंगत लाकडाभोवती फेरी मारून आला. हे म्हणाले, “अगं, झोपला होता. तसेच झोपतात ते.” आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले, वन्सं.

संध्याकाळी टाकीतला दिवा लावला की खोली हिरवी होते. भिंतींवर उजेड हलतो. कसला म्हणजे कसला आवाज नाही. मी स्वयंपाकघरातून येते तेव्हा मला वाटतं, घर कुणीतरी हळूच खाली सोडलंय आणि आम्ही अजून तळाला टेकायचोय.

बयो

५ मार्च

बयो,

माझी जीभ आमच्या जुन्या पंपासारखी आहे. सुरू झाली की आधी खडखडते, मग पाणी येतं. मशीनबद्दल बोलले ते चुकलं. राग गिळ, नाहीतर मला चार शब्द सुनव, पण पत्र बंद करू नकोस.

माशाचं वाचून इथल्या पोरींना सांगितलं. तिकीट खिडकीवरची म्हणते, मलाही डोळे उघडे ठेवून झोपता आलं तर नोकरी किती सोपी होईल.

पाण्याबद्दल यापुढे मी काही सुचवणार नाही. फक्त तो झोपतो का, ते कळव. नीट झोपतो का?

तुझी नणंद

२८ मार्च

वन्सं,

झोपत नाहीत. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘झोपतात’ असंच लिहिणार होते, म्हणून उत्तर पाठवलं नाही.

पाण्यावर तवंग आलाय, तुम्ही म्हणाला होतात तसाच. दुधावर साय धरते तसा. हे रोज दुपारी वर्तमानपत्राचं पान घेतात, दोन्ही हातांनी पाण्यावर अलगद पसरतात, थोडं थांबतात, आणि उचलतात. झोपलेल्यावरचं पांघरूण काढावं तसं. मग वाकून टाकीच्या अगदी तळाशी डोकं नेतात आणि तिथून वर बघत राहतात. काय बघता, विचारलं तर म्हणतात, काही नाही.

यावर मी काही म्हटलं नसतं. पण आता न्हाणीघरात जाऊन दार लावतात आणि नळ सोडून बसतात. अंघोळ नाही, काही नाही. बादली भरते, वाहते, आणि हे पाटावर तसेच बसून. परवा पडदे पोचवायला बाजारात गेले तर चौकात कारंज्याच्या कट्ट्यावर हे! सगळे तुषार अंगावर येत होते, सदरा भिजून पाठीला चिकटलेला, डोळे मिटलेले. आईबरोबर चाललेलं एक पोर यांच्याकडे बोट दाखवत होतं. मी हाक मारली ती डाव्या बाजूनं. ऐकू कशी येणार? मग मी पुढे गेलेच नाही. खांबाआड उभी राहिले. नवऱ्याला बाजारात चोरून बघणारी बाई झाले मी.

गोदामातल्या टेबलाला यांनी नाही कळवलंय. मला सांगितलं नाही. साहेबांच्या बायकोकडून कळलं.

वन्सं, मला भीती वाटते. यांना पाणी बोलावतंय. टाकी पुरली नाही, नळ पुरला नाही, आता कारंजं. एक दिवस हे धक्क्यावर जातील, कपडे काढून ठेवतील आणि उतरतील. डॉक्टर म्हणाले होते, आता खाली गेलात तर दुसरा कानही जाईल, तोल जाईल, वर कुठं अन् खाली कुठं ते कळणार नाही.

तुम्हाला म्हणून सांगते. यांचं खाली जाणं बंद झालं तेव्हा मी सुखावले होते. हे कामावर असले की दारावरची प्रत्येक थाप मला वाईट बातमीची वाटायची. ते संपलं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. आता वाटतं, ते यांना दिसलं असेल का?

बयो

१ एप्रिल

बयो,

हे पत्र मी आमच्या वॉचमनच्या बहिणीच्या हाती पाठवतेय, ती उद्याच तिकडे येतेय. पोस्टावर सोडवत नाही.

आधी घाबरणं थांबव. तो धक्क्यावर जाणार नाही. हे मी कशावरून म्हणते ते विचारू नकोस. मी त्याला शब्द दिलाय, आणि लहानपणापासून त्याला दिलेला एकही शब्द मी मोडलेला नाही. त्याची एवढी एक मिजास मला राखू दे.

पण तू एक कर. त्याच्या उजव्या बाजूला बस, आणि त्याला विचार, “तुम्हाला काय ऐकू येतं?” काय ऐकू येत नाही, ते सगळे विचारतात. डॉक्टर, साहेब, तू, मी. तू उलटं विचार. आणि तो ‘काही नाही’ म्हणाला तर उठू नकोस.

तुझी नणंद

९ एप्रिल

वन्सं,

विचारलं.

दुपारची वेळ होती. हे कागद पाण्यावर पसरून उभे होते. मी उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, “तुम्हाला काय ऐकू येतं?”

“काही नाही.”

मी उठले नाही, म्हणजे स्टुलावर बसले होते ती बसूनच राहिले. कागद भिजून गळायला लागला तरी यांनी तो उचलला नाही. मग म्हणाले, “शिट्टी.”

“कसली शिट्टी?”

“चहाचं आधण येतं ना, किटली बारीक ओरडायला लागते, तशी. डाव्या कानात. बंदच होत नाही.”

“कधीपासून?”

“शेवटचा वर आलो तेव्हापासून.”

मी म्हटलं, “आत्ता? आत्ता येतेय?”

“आत्ता जास्त. घर शांत असलं की जास्त. बाहेर काही वाजत नसलं की आत तीच असते.”

वन्सं, मला बिजागऱ्यांना तेल दिलेलं आठवलं. टॉवेलवर पालथी घातलेली भांडी आठवली. मी म्हटलं, “आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी रेडिओ बंद केला, मशीन उचलून नेलं, चवड्यांवर चालले घरात!”

“म्हणूनच नाही सांगितलं,” हे म्हणाले. “तू एवढी राबून शांतता आणलीस. ती मला टोचते, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि डॉक्टर म्हणाले, ही जाईलच असं नाही. पाण्याचा वगैरे आवाज असला की दबते, झोप लागते, एवढंच. कायमचं काहीतरी घेऊन आलोय, हे तुला सांगून काय करू?”

“ताईंना सांगितलंत.”

“ताई लांब राहते. तिचा चेहरा बघावा लागत नाही.”

मी रडले नाही. फार राग आला होता. यांचा आला आणि तुमचाही आला. तुम्हाला माहीत होतं. ‘मशीन परत आण’ एवढं लिहिता आलं तुम्हाला, कारण लिहिता आलं नाही. मी तुमच्यावर फुगून बसले आणि हे तिकडे न्हाणीघरात नळाखाली कान धरून बसले. तुमचा शब्द राहिला, आमचे दोन महिने गेले.

हे लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. मशीन कालच हातगाडीवरून घरी आणलं. काल सबंध दुपार एका शाळेचे पडदे शिवत होते तर हे शेजारी खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगले. मशीन थांबलं की डोळे उघडायचे. मी दोरा संपला तरी तशीच पायडल मारत राहिले.

पण मी काही दिवसरात्र शिवू शकत नाही. तेव्हा सम्प बसवायचा. कसा ते तुम्ही सांगा. काचेला भोक पाडताना काच फुटली तर?

बयो

१४ एप्रिल

बयो,

जे सुनावलंस ते सगळं मी चष्मा काढून, परत लावून वाचलं. बरोबर आहे तुझं. शब्द राखला याचा मला उगाच तोरा होता. यात कुणाचं भलं होतंय, ते आधी बघायला हवं होतं. यापुढे तो काही सांगायला लागला तर मी म्हणेन, थांब, आधी तिला सांग.

आता काच. तळाची काच बहुधा टफन्ड असते, तिला हात लावायचा नाही, भोक पाडायला गेलं तर तांदळासारखा चुरा होतो. मागची काच साधी आहे का, ते दुकानदाराकडून खात्री करून घे. मासे एका पिंपात काढा, जुन्या पाण्यासकट. कॅनिस्टरमधले स्पंज धुऊ नका, त्यांच्यात पाणी जिवंत ठेवणारे जंतू असतात. तेच स्पंज आपण सम्पात ठेवू. म्हणजे तुझे कॅनिस्टर वाया गेले असं मनात आणू नकोस.

मी रजा टाकलीय. येताना हिऱ्याची कणी लावलेलं गोल पातं आणते, तलावाच्या कामाला आणलेलं होतं. तो भोक पाडेल, मी पाणी ओतत राहीन, तू मागून काच धरशील. तिघांचे हात लागतील.

तुझी नणंद

२० मे

वन्सं,

तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटलं. तुमची खडखड सगळ्यांत जास्त आठवते. काच पूर्ण कापली गेली आणि तो गोल तुकडा माझ्या तळहातावर पडला तेव्हा तुम्ही केलेली आरोळी शेजाऱ्यांनी अजून विसरलेली नाही.

पाण्याच्या आवाजाचं तुम्ही असताना जुळलंच नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी तर कुणीतरी एकामागून एक बादल्या ओततंय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी नळी घोट घेतल्यासारखी गुटुक गुटुक करायला लागली. हे रोज कपाटात डोकं घालून व्हॉल्व्ह केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे, मग उजवा कान कधी पुढे, कधी मागे करून ऐकायचे. मला म्हणायचे, “आता?” मी म्हणायचे, “आता सांडपाणी.” परत फिरवायचे. “आता?” “आता कुणीतरी चूळ भरतंय.” आणि एका सकाळी मी काही म्हणायच्या आतच हे स्वतः थांबले. पातळ, सरळ आवाज. लांबवर कुणीतरी रेशीम फाडत असावं आणि ते संपूच नये, तसा. यांनी व्हॉल्व्हला रंगाची खूण केली आणि तिथंच फरशीवर आडवे झाले. जेवायच्या वेळेपर्यंत उठलेच नाहीत.

शिट्टी गेलेली नाही. विचारलं की सांगतात, आज आहे, आज थोडी कमी. पण आता मी विचारते आणि हे सांगतात. बंदरात नव्या पोरांना शिकवायचं काम निघालंय, किनाऱ्यावर उभं राहून, दोरी कशी धरायची, खालच्याच्या खुणा कशा ओळखायच्या. जाईन म्हणालेत.

खरं लिहायचंय ते पुढे आहे. परवा दुपारी हे टाकीपाशी उताणे पडले होते. मला म्हणाले, “ये, इथं झोप. डोकं अगदी काचेला लाव आणि वर बघ.”

मी पडले. वन्सं, तुम्ही कधी बघितलंय का खालून? पाण्याचा वरचा पापुद्रा म्हणजे चांदीचं छत. आरपार काही दिसत नाही. मासे वर जातात तेव्हा त्या छतात दुसरे मासे उलटे होऊन त्यांना भेटायला येतात. काठापाशी जिथं पाणी सांडतं, तिथं ती चांदी वाकते आणि निघून जाते.

“तवंग असला की हे दिसत नाही,” हे म्हणाले. “खाली काम करताना मी मधूनमधून असंच वर बघायचो. पलीकडलं काही दिसायचं नाही. पण पलीकडे तू आहेस, एवढं माहीत असायचं.”

मग विचारलं, “खाली भीती वाटायची तुम्हाला?”

“रोज.”

“रोज? मग घरी येऊन शीळ घालत जेवायला बसायचात ते?”

“वर आलोय म्हणून.”

मला वाटायचं, भीती मी एकटीच वागवते. या माणसाला कसली ती नाहीच, म्हणून दोघांच्या वाटची मलाच बाळगावी लागते. आणि हे रोज ती पाण्याखाली नेत होते आणि परत आणत होते. यांनी माझा हात धरला होता की मी यांचा, आठवत नाही. भिंतीवर उजेड हलत होता. पाणी काठावरून सांडत होतं. अंगाला वजनच नव्हतं.

पुढचं मला काल गिऱ्हाइकानं सांगितलं. दवाखान्याचे पडदे न्यायला एक बाई त्या दुपारी आल्या होत्या. म्हणे त्यांनी दोनदा घंटा वाजवली. ती यांना ऐकू आली, मला नाही. यांनी दार थोडंसंच उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, “उद्या या. ती झोपलीय. कितीतरी वर्षांनी झोपलीय.”

बयो